खबऱ्याची भाषा

क्वेतुशे हान्झालोवा आठवीनंतर सूतगिरणीत शिरली ती म्हातारी होऊनच बाहेर पडली. नवरा मात्र लेखक. जुन्या कम्युनिस्ट राजवटीत ओल्डरिख हान्झालच्या पुस्तकांवर बंदी होती, तेव्हा लोक ती चोरून टंकून एकमेकांना देत. राजवट गेली, पुस्तकं राजरोस दुकानात आली आणि कुणी हात लावेना. त्याच दुःखात तो गेला. "बंदीत होता तेव्हाच याला भाव होता," क्वेतुशे कुणालाही ऐकवायची.

आता त्याची डायरी छापायला मुलगीच निघाली होती. मिलुशे प्रागला एका प्रकाशनात संपादक. ब्रनोला येऊन तिने आईच्या स्वयंपाकघरात दोन गठ्ठे मांडले. एक बापाच्या डायरीचा, दुसरा, एका खबऱ्याच्या बातम्यांनी भरलेल्या, गुप्त पोलिसांकडच्या त्याच्या फायलीचा. या फायली आता घरच्यांना बघायला मिळत होत्या. खबऱ्याच्या खऱ्या नावाचे कागद तेवढे राजवट पडता पडता जाळलेले. उरलं होतं नुसतं टोपणनाव, 'लीपा'.

"आई, ऐक हं. बाबा लिहितात, 'आज माझ्या मौनाने सत्तेला उत्तर दिले.' आणि त्याच दिवशी लीपा काय म्हणतो बघ. 'हान्झाल दिवसभर दाढ धरून बसला होता. डॉक्टरला भितो. संध्याकाळी शेपूच्या आमटीबरोबर पावाचे चार गोळे गिळले, तेव्हा दाढ आडवी आली नाही. मग म्हणाला, मी मेलो तर कुणाला कळणार पण नाही, आणि रडला. नाक टेबलावरच्या कापडाला पुसलं, जसं काही ते आपोआप धुतलं जातं.'"

मिलुशे हसता हसता डोळे पुसायला लागली. "हल्ली जो तो आपल्या डायऱ्या छापतोय, आणि म्हणे सगळं खरंखुरं. बाबा डायरीत पुतळा होऊन बसलेत गं. माणूस आहे तो या फायलीत. हा मेला लीपा बाबांपेक्षा भारी लिहितो!"

कांदा चिरता चिरता क्वेतुशेचा हात थांबला. तिच्या बोलण्याला जन्मात कुणी भारी म्हटलं नव्हतं. ओल्डरिख तर पाहुण्यांदेखत म्हणायचा, "हिला नका विचारू, ही गिरणीतलं बोलते." तिचे कान तापले. पुढचं पानही वाचून दाखव म्हणावं, असं तिला वाटून गेलं, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

"कोण ते मला कळलंय," मिलुशे म्हणाली. "बोहुमिरकाका."

"कोण? खालचा बोहुमिर?"

"दुसरं कोण? दर आठवड्याला पत्ते खेळायला इथेच असायचे. तळटीपेत नाव घालतेय मी. लोकांना कळू दे."

"त्याला स्वतःच्या चपला सापडत नाहीत, तो काय खबरा देणार! त्याची बायको मरेल लाजेने."

"मग त्यांनी आधी विचार करायचा होता."

क्वेतुशेने सुरी खाली ठेवली. "काट ते नाव. मी दिल्यात त्या खबरा."

मिलुशे पुन्हा हसली. "काकांवर तुझा जीव आहे, माहितीये मला. पण थापा नको मारूस. हे लिहायला कान लागतो. तू साधं वाढदिवसाचं कार्ड माझ्याकडून लिहून घेतेस."

ते मात्र खोल गेलं.

"लिहिलं कुणी? मी बोलायचे, पोलिसांचा साहेब उतरून घ्यायचा. तुझ्या फायलीत नाही ते सांगते, बस. एप्रिल होता. गिरणीच्या खानावळीत तो माझ्यासमोर येऊन बसला. सूप इतकं गरम, तरी फुंकर न घालता प्यायला, तेव्हाच मी मनात म्हटलं, हा माणूस बरा नाही. खिशातून तुझा वरच्या शाळेचा अर्ज काढला, चौघडी घातलेला. माझ्या ताटाजवळ ठेवून म्हणाला, पोरगी हुशार आहे, बापापायी बेकरीत कणीक मळत बसेल. मी विचारलं, ओल्डरिखला पकडणार? म्हणाला, छे, तो घरी कसा असतो तेवढंच सांगा. पुस्तकं कोण टंकतं, कुठे ठेवतात, ते मी मरेस्तोवर सांगितलं नसतं. दाढ सांगितली. आमटी सांगितली. सप्टेंबरात तू शाळेत गेलीस."

मिलुशेने फायलीचा गठ्ठा पुढे ओढला.

"तेवढ्यावर थांबायचंस ना! सात वर्षं आहेत इथे, आई. सात वर्षं!"

क्वेतुशेला खोटं बोलता आलं असतं. साहेब धमकावायचा म्हटलं असतं तर पोरीने ऐकलं असतं.

"तो ऐकून घ्यायचा गं," ती म्हणाली. "मध्ये तोडायचा नाही. मग काय झालं, म्हणायचा. या घरात तुम्ही दोघं पुस्तकांबद्दल बोलायचात, मी ताटं उचलायची."

मग मिलुशेने तळटीपेतलं बोहुमिरचं नाव खोडलं. पेन्सिल तिथेच अडली.

"आता इथे काय लिहू?" आवाज लहान पोरीसारखा झाला होता.

"क्वेतुशे हान्झालोवा. पूर्ण लिही. आणि माझं बोलणं सुधारू नकोस."

मिलुशेने लिहिलं. दोन्ही गठ्ठे पिशवीत भरले, कोट चढवला.

"जेवून जा. रस्सा आत्ता होईल."

"नको."

गालाचा पापा न घेताच ती गेली. पावलं मधल्या जिन्यावर थांबली. क्वेतुशेने दार उघडून धरलं. हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणावं ते सात वर्षं साहेबापुढे बोलून बोलूनही तिला सुचलं नाही. पावलं खाली गेली.