कोट जाळणारा बँड

भोंग्याच्या पत्राचं उत्तर नानांनी दिलं नव्हतं. विसरले होते म्हणावं तर तसंही नाही. पत्र शब्दकोशात ठेवलेलं होतं आणि शब्दकोश नाना रोजच उघडत. त्यामुळे पत्रही रोज त्यांच्याकडे बघत असे.

भोंगा हा त्यांचा तरुणपणापासूनचा मित्र. नाना ग्रंथालयात पुस्तकांची सूची करायचे, आणि भोंगा त्यांना भेटायला आला की वाचकांच्या माना एकदम वर व्हायच्या, असा त्याचा आवाज. 'शांतता राखा' ही पाटी नानांच्याच अक्षरातली होती, पण भोंग्यापुढे तिचं काही चालायचं नाही. एक तोंड उघडायला लाजणारा, दुसरा मिटायला तयार नसलेला. दोघांत सारखं काय, तर गाण्याचं वेड. कोणाला नवी कॅसेट मिळाली की ती दुसऱ्याच्या घरी पोचलीच म्हणून समजा. भोंग्याची बायको चहा ठेवता ठेवता गुणगुणायची आणि दोघांच्याही आधी तिला चाल पाठ व्हायची.

थंडीत वहिनी गेल्या. महिन्याभराने भोंग्याचं पत्र आलं.

"पुस्तक्या, रेडिओ लावला की ही येते. कॅसेट लावली की ही येते. कुठलंही गाणं घे, त्यात ही माझ्या आधी येऊन बसलेली असते. म्हणून गाणी बंद केली, तर आता घर खायला उठतं. तू शोधून काढणारा माणूस. हिने कधी ऐकलंच नाही असं काहीतरी नवं कळव. मुलाने फोन दिलाय. नाव टाकलं की गाणं लागतं, एवढं मला जमतं."

नानांनी पत्र वाचलं, डोळे पुसले आणि तिथेच अडकले. नवं कुठून आणायचं? त्यांचे कान कॅसेटबरोबरच निवृत्त झाले होते. आणि सापडलं तरी 'हे ऐक, हे चांगलं आहे' असं सांगणारे आपण कोण? नानांना बाजारातून टरबूजही छातीठोकपणे आणता येत नसे.

नानांची सून दातांची डॉक्टर. दवाखाना खाली, बिऱ्हाड वर. तिचे पांढरे कोट नाना स्वतः इस्त्री करत. कोणी सांगितलं नव्हतं. लाँड्रीवाल्याची घडी त्यांना पटत नसे, एवढंच. एका दुपारी कोट घेऊन ते खाली गेले, तर दवाखान्यात काहीतरी चमत्कारिक वाजत होतं. पिंपावर कोणीतरी काठ्या मारतंय आणि मधूनच एक बाई कुजबुजतेय.

"हे काय गं लावलंयस?"

"नवा बँड आहे, नाना. तिघी बहिणी आहेत."

"चाल काही कळली नाही."

"कळायलाच नकोय!" खुर्चीतल्या माणसाच्या तोंडातून डोकं न काढता ती म्हणाली. "ओळखीचं गाणं लागलं की पेशंट तोंडातल्या तोंडात गायला लागतो. मागे एका काकांनी तर मानेने ताल धरला. माझ्या हातात ड्रिल! तेव्हापासून इथे फक्त कोणी न ऐकलेलं वाजतं. जरा जुनं झालं की बाद. काय हो, तुम्ही ऐकलंय का हे कधी?"

"आँ," खुर्चीतला माणूस म्हणाला.

"बघा. जबडा कसा स्थिर आहे."

नाना जिना चढून वर आले ते वेगळ्याच वेगाने. कोणी न ऐकलेलं. नेमकं हेच तर भोंगा मागत होता, आणि ते आपल्याच घराच्या तळमजल्यावर वाजत होतं!

संध्याकाळी त्यांनी सुनेपुढे पत्र ठेवलं. तिने ते उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसली.

"देते," ती म्हणाली. "हवे तेवढे बँड देते. पण निवडायचे तुम्ही. आणि एक अट. ऐकून झालं की 'बरं आहे' म्हणायचं नाही. तुमचं 'बरं आहे' मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या पहिल्या स्वयंपाकालाही तुम्ही 'बरं आहे' म्हणाला होतात, आणि त्या दिवशी भातात मीठ दोनदा पडलं होतं."

तिने एक छोटा स्पीकर आणून इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. नाना रोज दुपारी कोट पसरत आणि ऐकत. पहिला बँड यंत्रांवरच वाजवणाऱ्या दोघांचा, नाव 'चौथा मजला'. नाना ऐकत राहिले, इस्त्री फिरत राहिली, कोट संपला तरी मत काही बनेना. मग 'ओलं सिमेंट' नावाच्या तीन मित्रांचं रॅप लागलं. शब्द इतके भराभर, की नानांना मध्येच हात वर करून 'जरा हळू' म्हणावंसं वाटलं. पण त्यातला एक जण आपल्या आजीच्या चपलांबद्दल काहीतरी बोलला आणि नानांच्या लक्षात आलं, की इस्त्री कॉलरवर थांबली आहे.

तिथेच त्यांना आपली मोजपट्टी सापडली. डोकं भिडस्त असतं. 'लोक म्हणतात तर चांगलंच असेल' अशी त्याची सवय. हात मात्र कोणाची भीड ठेवत नाही. हात थांबला, तर गाण्यात काहीतरी आहे. चालत राहिला, तर गाणं कितीही गाजलेलं असो, कोट तेवढा कडक होतो.

या हिशेबाने नानांनी जॅझ ऐकलं, लोकगीतं वाजवणाऱ्या नव्या पोरांना ऐकलं, तोंडाने एक शब्दही न गाणारे दोन बँड ऐकले. सून जेवताना विचारी, "आज कोण?" नाना म्हणत, "सकाळी दिलेला बाद. बाह्या, खिसा, पाठ, सगळं झालं, हात थांबला नाही." मुलगा दोघांकडे आळीपाळीने बघे आणि गुपचूप ताक पिई.

मग एके दुपारी 'पंक्चर' लागला. गिटार नव्हतीच ती, पत्र्याचं शेड कोसळत होतं. वर गाणारी बाई किंचाळत होती. नानांनी आवाज कमी करायला हात पुढे केला, आणि त्याच क्षणी सगळं थांबलं. एकदम. त्या शांततेत बाईने नुसता एक श्वास घेतला, दमून, हमसून रडल्यावर घेतात तसा, आणि पुन्हा सगळं कोसळलं. नाना उभेच राहिले. गाणं संपलं तेव्हा खोलीत धूर होता आणि कोटाच्या खिशावर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग.

कोट त्यांनी कपाटात शब्दकोशामागे दडवला.

त्याच आठवड्यात भोंग्याच्या मुलाचा फोन आला.

"काका, बाबांना जरा समजावा. मोठे स्पीकर देऊन टाकतायत. रविवारी माणूस न्यायला येणार. म्हणतात, घरात आता वाजणारं काही नको. दिवसभर बोलतही नाहीत."

"भोंगा बोलत नाही?"

"नाही. सुरुवातीला म्हणायचे, पुस्तक्याचं पत्र येईल. आता तेही म्हणत नाहीत."

नाना त्याच पावली टेबलाशी बसले. सुबक अक्षरात पत्र लिहिलं, चार बँडांची नावं दिली, प्रत्येकाबद्दल जपून लिहिलेली दोन वाक्यं, शेवटी 'आवडल्यास ऐकावे, आग्रह नाही'. सुनेला वाचायला दिलं. तिने वाचून कागद उलटून मागची बाजूही बघितली.

"काय झालं? चुकलं का काही?"

"नाही, फार सभ्य आहे. नाना, हे भोंगाकाकांना पाठवताय की त्यांच्या सासऱ्यांना?"

"म्हणजे?"

"या चारांपैकी एकानेही तुमचा हात थांबवला नव्हता. मला आठवतंय ना. चौघेही जुन्यासारखेच गोड गातात. आणि ज्याने माझा कोट जाळला, तो बँड कुठाय?"

नानांची नजर आपोआप कपाटाकडे गेली.

"शब्दकोशामागे आहे, माहितीय मला," ती म्हणाली. "घरात आणखी कुठे लपवणार तुम्ही?"

"अगं, पण ते ओरडतात. त्याला झेपलं नाही तर? म्हणेल, म्हाताऱ्याला चळ लागला."

"म्हणू दे की! निदान म्हणेल तरी काहीतरी."

ती खाली गेली. नाना पत्राकडे बघत बसले. सूनबाईचं खरं होतं, आणि त्याहून जास्त खरं असं काही त्यांना आता दिसत होतं. त्या चारही बँडांच्या गाण्यांत वहिनींना बसायला जागा होती. त्या सहज येऊन बसल्या असत्या, चहा ठेवता ठेवता गुणगुणल्याही असत्या. 'पंक्चर'मध्ये नसत्या बसल्या. वहिनींनी कानांवर हात ठेवून अंगण गाठलं असतं. भोंग्याला तिथे एकट्यालाच जावं लागलं असतं, आणि तिथे त्याच्यासारखीच मोठ्या आवाजाची एक बाई होती, जिला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागत होता.

नानांनी पत्र फाडलं. कपाटातून कोट काढला आणि कात्रीने खिसा कापला. मग नवा कागद घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कच्चं न लिहिता एकटाकी लिहिलं.

"भोंग्या, उशीर झाला. कारणं सांगत नाही, तुला माहीत आहेत. सोबतचा खिसा बघ. 'पंक्चर' नावाचा बँड ऐकताना माझ्या हातून जळाला. चांगला आहे म्हणून जळाला. मोठ्या स्पीकरवरच ऐक. फोनवर ऐकलंस तर ऐकलं नाहीस असं धरीन. मध्ये सगळं थांबतं, तिथे उठू नकोस. त्यानंतर 'ओलं सिमेंट' लाव. एक पोरगा आजीच्या चपलांबद्दल बोलतो, तो भाग दोनदा ऐक. तिघी बहिणींचा एक बँड आहे, नाव सुनेला विचारून पुढच्या पत्रात कळवतो. तो दात दुखत असताना उत्तम. जॅझवाले इतक्यात पाठवत नाही, तू अजून तयार नाहीस. यातलं एकही वहिनींनी ऐकलेलं नाही. 'पंक्चर' त्यांना अजिबात आवडला नसता, हे मी खात्रीने सांगतो. तुला आवडेल, हेही खात्रीने सांगतो. स्पीकर न्यायला येणाऱ्या माणसाला परत पाठव. तुझा, पुस्तक्या."

'खात्रीने' हा शब्द दोनदा आला होता. नानांनी एरवी एक खोडला असता. त्यांनी दोन्ही तसेच ठेवले, खिशाची घडी घालून पाकिटात सरकवली आणि पायात चपला अडकवल्या. दवाखान्यावरून जाताना सुनेने दारातून डोकं बाहेर काढलं.

"लवकर पोचायला हवं, नाना! रविवारच्या आत!"

"जलद टपालाने टाकतोय. आणि हो, तुझा एक कोट कमी झालाय."

कोपऱ्यावरच्या टपाल कचेरीत खिडकीमागच्या बाईंनी पाकीट दाबून बघितलं. "आत काय आहे?"

"खिसा," नाना म्हणाले.

त्या हसल्या, शिक्का मारला आणि पाकीट थैलीत टाकलं.