दारावरचं फडकं

सुईताईला शाळेच्या व्हरांड्यात क्षणभर बसवत नव्हतं. उठायची, एका वर्गात डोकवायची, दुसऱ्यात डोकवायची, पुन्हा पायरीवर येऊन खालच्या गल्लीकडे बघायची. धरणातून पाणी सोडल्याचा निरोप सकाळी आला, टाकीवरचा भोंगा वाजला आणि दुपारपर्यंत नदीकाठची अख्खी गल्ली चढ चढून शाळेत येऊन टेकली होती. कुणी शेगडी आणली होती, कुणी पिंजऱ्यासकट पोपट, आणि एका महाभागाने तर सोफ्याच्या नुसत्या उशा. सगळे होते. सासूबाई तेवढ्या कुठे दिसत नव्हत्या.

सुईताई कपडे शिवायची आणि तिचं बोलणंही टोचायचं, म्हणून गल्लीने तिचं हे नाव पाडलं होतं. पूर आला की गल्ली रिकामी करायचं काम तिच्याकडे आणि पंक्चरवाल्याकडे होतं. चालत्या माणसांना ती वर न्यायची. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांना पंक्चरवाला आणि त्याचे दोघे भाऊ खुर्चीत बसवून उचलून आणायचे. सकाळी निघताना ती म्हणाली होती, "आई, खुर्ची येईल हं, तयार राहा." सासूबाईंनी मुकाट्याने मान हलवली होती. वाद नाही, टोमणा नाही. खरं तर तेव्हाच पाणी कुठेतरी मुरतंय हे कळायला हवं होतं.

पंक्चरवाला गुडघ्यांपर्यंत भिजून वर आला, तशी ती त्याच्या अंगावरच धावून गेली.

"भाऊ, आईंना कुठल्या वर्गात बसवलंत?"

"मावशींना? त्या तुमच्याबरोबर आल्या ना? तुमच्या दाराला फडकं होतं."

"मी नाही बांधलं फडकं."

 सुईताईने वळून खालच्या गल्लीकडे बघितलं.

फडकं ही तिचीच कल्पना. मागच्या पुरात पोरं रिकाम्या घरांची दारं बडवत बसली आणि तेवढ्यात शेवटच्या घरातले आजोबा गेले. कुलपांवरून काही कळायचं नाही, कारण म्हाताऱ्यांना आत ठेवून बाहेरून कुलूप घालायची गल्लीची जुनी खोड. मग ठरलं, कुलूप घालायचं नाही. घर रिकामं झालं की शेवटच्या माणसाने दार ओढून घ्यायचं आणि मुठीला नारिंगी फडकं बांधायचं. फडकं दिसलं की पुढे चालायचं. सुईताईने उरल्यासुरल्या कापडातून घरटी एक फडकं शिवून दिलं, काठ दुमडून, अगदी मन लावून.

नियम चांगला होता. त्याची वाट लावली ती सरावाने. दर थोड्या दिवसांनी भोंगा वाजायचा, सगळ्यांनी चढ चढायचा, सरकारी कार्यालयातले साहेब भाषण करणार आणि मग पुन्हा उतरायचं. लोक कंटाळले. कुणीतरी युक्ती काढली: दाराला फडकं बांधायचं, आत येऊन कडी लावायची आणि आवाज न करता पडून राहायचं. कुणाला त्रास नाही, गल्ली वेळेत रिकामी, साहेब खूष. सुईताईलाही हे ठाऊक होतं. सरावच तर आहे, म्हणून तिनेही काणाडोळा केला होता.

"मी खाली जाते," ती म्हणाली.

"ताई, वेड लागलंय का? गल्लीत पाणी शिरलंय. आणि फडकं म्हणजे घर रिकामं, हे तुम्हीच आम्हाला घोकून घोकून शिकवलंत. नियम म्हणजे नियम."

"नियम घाला चुलीत!"

ती निघालीसुद्धा. पंक्चरवाल्याने कपाळावर हात मारला, भावांना हाक दिली, आणि दोर अन् खुर्ची घेऊन तिच्यामागे उतरला. तोंडाने तो तिला बोल लावत होता आणि पाय मात्र तिच्यापेक्षा भरभर टाकत होता.

गल्लीतलं पाणी गढूळ होतं आणि गुडघ्याला लागत होतं. दोन्ही बाजूंच्या दारांवर नारिंगी फडकी. एरवी ती बघून सुईताईला अभिमान वाटायचा. आज एकेका फडक्याकडे बघताना तिला धडकी भरत होती.

तिच्या स्वतःच्या दाराला आतून कडी होती. तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं. बऱ्याच वेळाने कडी निघाली. सासूबाई काठीला धरून उभ्या होत्या, घोट्याएवढ्या पाण्यात, आणि चेहरा असा की जणू सूनच अवेळी पाहुणी आलीय.

"कशाला आलीस परत?"

"कशाला? फडकं कुणी बांधलं, आई?"

"मी. त्या खुर्चीत मी पुन्हा बसायची नाही, सांगून ठेवते."

सुईताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मग तिला ते आठवलं. मागच्या सरावात सासूबाईंना खुर्चीतून नेताना साहेबांनी चित्रण केलं होतं. केस सुटलेले, एक चप्पल गळून पडलेली, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली. कुणीतरी त्याला गमतीचं संगीत जोडलं आणि ते गल्लीतल्या प्रत्येक फोनवर फिरलं. पोरं खिदळली, बायका पदराआड हसल्या.

"आई, मीही हसले होते तेव्हा," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"माहितीये. तुझं हसू भिंतीपलीकडून ऐकू येतं." सासूबाई पलंगावर टेकल्या. "मी काय ओझं आहे का गं? तिघांनी उचलायचं आणि चाळीसांनी हसायचं?"

 तिने पाण्यात उभं राहूनच सासूचा हात धरला. सासूबाईंनी तो घट्ट आवळून धरला. म्हणजे म्हातारी घाबरली होती, नुसता आव आणत होती. सुईताईला रडू आलं आणि रागही आला, आणि त्यातलं आधी काय आलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

"आई, खरं सांगा. असं फडकं बांधून आणखी कोण आत बसलंय?"

सासूबाईंनी दाराकडे बघितलं. दारात पंक्चरवाला खुर्ची घेऊन उभा होता. त्यांनी लगेच नजर खाली घातली.

"चिमणी," त्या हळूच म्हणाल्या.

चिमणी म्हणजे पंक्चरवाल्याची आई. अंगाने चांगली भरलेली, पण सासूबाईंची लहानपणापासूनची मैत्रीण, त्यामुळे नाव तेच राहिलं होतं.

"छे!" पंक्चरवाला हसला. "आई सकाळीच बहिणीकडे गेली. मी स्वतः फडकं बघितलं ना दाराला."

"मागच्या सरावालाही ती बहिणीकडेच गेली होती म्हणे, बाबा. घरात घोरत पडली होती. ती युक्ती मीच शिकवली तिला." सासूबाईंचा आवाज खाली आला. "आणि तिला वाटतंय, आजही सरावच आहे. भोंगा तोच, तुझी आरडाओरड तीच."

पंक्चरवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. खुर्ची तिथेच टाकून तो समोरच्या ओट्यावर चढला. त्याचं घर उंच जोत्यावर, पाणी जेमतेम उंबऱ्याला लागत होतं. आतल्या माणसाला बाहेरचा पत्ता लागायचं कारण नव्हतं. शिवाय आईला कुणाचा त्रास नको म्हणून त्याने हौसेने लोखंडी दार बसवून घेतलं होतं आणि खिडक्यांना जाड पत्रे.

"आई! दार उघड! पूर आलाय, आई!"

आतून चकार शब्द नाही. तिघे भाऊ खांद्यांनी दाराला भिडले. दार तसूभर हललं नाही. ते हलू नये अशाच बेताने त्याने ते केलं होतं.

"नाही उघडणार," सासूबाई आपल्या घरातून म्हणाल्या. "दरवेळी असंच ओरडतोस तू. पूर आला, पूर आला. पकडली गेली तर तू चारचौघांत बोलशील, म्हणून श्वाससुद्धा रोखून धरला असेल बिचारीने."

पाणी आता सासूबाईंच्या पलंगाच्या पायांवर चढत होतं. त्यांनी एकदा सुनेकडे बघितलं, एकदा दाराशी हेलकावणाऱ्या खुर्चीकडे.

"आणा ती इकडे."

"आई?"

"खुर्ची आणा म्हणते! बघत काय राहिलात?"

दोघा भावांनी खुर्ची खांद्यांना लावली, सुईताईने मागून आधार दिला. गल्ली ओलांडताना प्रवाहाचा असा रेटा आला की सगळे एकदम तिरपे झाले. सासूबाईंचे केस सुटले, एक चप्पल पाण्यात गेली. त्यांनी खुर्ची धरली नाही. एका हातात काठी होती आणि दुसरा हात मागे सुनेच्या मनगटावर होता.

ओट्यापाशी पोहोचताच त्यांनी लोखंडी दारावर काठी हाणली.

"चिमणे! अगं ए चिमणे! मी आहे. सराव नाहीये हा!"

काही नाही.

"फटीतून बघ बाहेर. मी खुर्चीत बसलेय. मी! ऐकतेस का? खुर्चीत!"

 मग पत्र्याच्या फटीत एक डोळा दिसला. तो सासूबाईंवर खिळला, त्यांच्या सुटलेल्या केसांवर, अनवाणी पायावर.

"अगं बाई," आतून आवाज आला, एकदम बारीक झालेला. "तू खुर्चीत? म्हणजे खरंच आलं की गं पाणी!"

कडी निघाली. पंक्चरवाला आत घुसला, आणि बोलायचं सोडून आईला मिठी मारून लहान पोरासारखा रडायला लागला.

त्याने आईला पाठुंगळी घेतलं आणि सगळे चढाच्या दिशेने वळले. सुईताईला आता एकच घाई होती, या पाण्यातून बाहेर पडायची. पण सासूबाईंनी तिचं मनगट ओढलं.

"थांबा. शेजारचं दार वाजवा."

"तिथे कुणी आहे?"

"नाही. माझ्या माहितीत तरी नाही." त्यांनी काठी सुनेच्या हातात दिली. गल्लीभर नारिंगी फडकी लटकत होती आणि पाणी मांडीला लागत होतं. "पण माझ्यावर जाऊ नकोस. फडक्यावरही जाऊ नकोस. वर जाता जाता सगळी दारं वाजव."

सुईताईने पहिलं फडकं ओढून काढलं, पाण्यात टाकलं आणि दारावर काठी हाणली.