खारीनं नेलेला कापूस

मले सारं गाव थापाडी म्हणते. म्हणो बापा. पण ज्या दिवशी मी खरं बोलली, त्या दिवशी कोणी इश्वास ठेवला नाई. त्याचीच ही गोष्ट.

आमच्या गोठ्यात एक मोटार होती. विलायती, दोन माणसाइची, वर टप नाई, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यावानी. खामगावच्या एका शेठनं, कापसातली सरकी काढाच्या जिनवाल्यानं, शर्यतीच्या हौसेनं आणली होती. पण शेठचं पोट असं, का पोट आत बसलं तर शेठ बाहेर राहे. स्टेरिंगमागं तो मावेच ना. म्हणून चालवाले माह्या नवऱ्याले ठेवलं, माणिकरावाले. शेठ बाजूले बसे, पोट मांडीवर घेऊन.

शेठनं गाडीत एकच बदल केला. कंपनीनं बसाच्या सीटीत रबर भरलं होतं. शेठ म्हणे, "कापसाचा व्यापारी अन् बुडाखाली रबर? लोक हासतीन." पिंजाऱ्याले बोलावून दोन्ही सीटीत जिनातला देशी कापूस भरून घेतला.

एकदा संग्रामपूरकडं त्याइच्यामागं वाघ लागला. माणिकरावानं गाडी अशी पळवली का वाघ दमून मागच्या डिक्कीवर झोपला, त्याले पुन्हा डोंगरात नेऊन सोडा लागलं. हे काई खरं नाई. पण माही नात पायल लहान होती तवा तिले असंच सांगतलं, अन् त्याच्यापायीच ते आयटीआयत जाऊन मेकॅनिक झाली. थापेतूनबी माणूस घडते.

जिन बंद पडलं तवा शेठनं गाडी माणिकरावाले देऊन टाकली. साल-दीड साल फिरवली, मंग इंजिन जाम झालं अन् गाडी गोठ्यात गेली. दरसाल कापूस येचून झाला का चुलीसाठी पऱ्हाटी, म्हंजे कापसाचे वाळले झाडं, तिच्यावरच रचो. गाडीच्या गोष्टी तेवढ्या राह्यल्या, गाडी अंदर हाय हे आमीबी इसरलो.

मंग आलं बोंडअळीचं साल. दुकानदारानं बियाण्याच्या पाकिटावर हात ठेवून सांगतलं होतं, बीटी कापसाले अळी लागत नाई. माह्याहून मोठी थाप, पण त्याले कोणी थापाड्या म्हणलं नाई. बोंड फोडलं का अंदर गुलाबी अळी, नवरीवानी बसलेली. सरकारी माणूस म्हणे, पऱ्हाटी घरी नेऊ नका, अळी तिच्यात राह्यते. माह्या पोरानं, धम्मरत्ननं, सारी वावरातच जाळली. गोठा मोकळा पडला, अन् बेचाळीस सालानं गाडीनं डोळे वटारून पाह्यलं.

तिले पाहाले माणिकरावाचेच डोळे राह्यले नव्हते. काचबिंदूनं गेले. तवापासून बुढा बाजेवर पडला तो पडलाच. डॉक्टर म्हणे, "चालले नाई तर पायबी जातीन, मंग कोणाच्यानं उठवणार नाई." आमी म्हणलं उठा, तर म्हणे, "उठून पाहू काय?"

पायलले पदर नाई, तिनं ओढणी खोचली. "आजी, गाडी होती तशी करून दाखवतो. नवी नाई. होती तशी. आबाजी तिच्यासाठी उठतीन."

आठ महिने राबली पोरगी. खामगावच्या गॅरेजातली नोकरी करून सुट्टीच्या दिवशी गावात येये. इंजिन खोलून पुरजा न् पुरजा रॉकेलात धुतला. चाकाच्या तारा एकेक करून सरळ केल्या. घरात गाडीचा एक जुना फोटू होता, पण काळा-पांढरा, अन् बुढा बोलेना; रंग कोणता होता, कोणी सांगेना. मीच अर्ध्या गावाले सोनेरी सांगून ठेवला होता, अन् राह्यलेल्याइले लाल. तिनं डॅशबोर्डामागं नखानं खरवडलं. गंजाखाली निघाला चिंचेच्या कोवळ्या पाल्यावानी हिरवा. तोच दिला. फोटू पाहून सीटीले तसंच चामडं, तशीच शिवण. गाडी सुरू झाली तवा गावच्या कोंबड्या आठ दिवस अंडी द्याच्या इसरल्या.

बाजेवरून बुढ्यानं कान टवकारले. "आवाज तोच हाय."

धम्मरत्न अन् पायल, बापलेकीनं त्याले हाताच्या पाळण्यात उचललं अन् स्टेरिंगमागं बसवलं. त्यानं स्टेरिंग चाचपलं, गेर हालवला. मंग बूड इकडं केलं, तिकडं केलं.

"हे माही गाडी नाई."

"आबाजी, सारं फोटूत पाहून केलं!"

"फोटूवर मी कधी बसलो नाई, बाई. मले बाजेवर न्या."

पायल चाकाजवळ बसून रडली. मले उमजलं काय झालं ते. तिनं सीटीत फोम भरला होता. मी म्हणलं, "देशी कापूस भर." कोणाच्या पोटात पाप असलं का ते असंच अर्धं बोलते.

पिंपळगाव राजाचा फारुख पिंजारी आला. शेठच्या सीटी त्याच्याच आजोबानं भरल्या होत्या. "काकी, मी चार गावं पालथी घातली. साऱ्याइच्या घरी बीटीच. लांब धागा, मऊ, पण गादीत घातला का दोन महिन्यात बसून जाते. देशी आखूड, खरबरीत. दाबला का उठते. आता त्याचं बियाणंच कोणापाशी नाई तर कापूस कुठून आणू?"

"गाडीतला जुना कापूस कुठं गेला पण?" पायलनं इचारलं.

"खारीनं नेला," धम्मरत्न बोलला. "आईच सांगते ना."

हाव, मीच सांगत होती, बेचाळीस साल. खार आली, सोबत तिचे अठरा पोरं, एकेकानं तोंडात बोळा धरला अन् रांगेनं गेले. आता सारे माह्याकडं पाहून राह्यले. मी पदरानं नाक पुसलं.

"खार नव्हती. मीच होती. धम्मा झाला ते थंडी लई वाईट होती. गाडी तशीबी बंद. म्या दोन्ही सीटी उसवल्या, कापूस काढला अन् पोराची गादी भरली. सीटीत चिंध्या कोंबल्या. पोरगं वाढत गेलं तशी घरचा कापूस घालून गादीबी वाढोली. फारुखच्या बापानं तीनदा पिंजली. तेच गादी आता..."

मी बाजेकडं बोट दाखवलं. माणिकराव तिच्यावरच आडवा होता.

आधी फारुख हासला, मंग धम्मरत्न. "आई, आता तरी सोड ना वं थापा!"

"आजी, माहा जीव चालला अन् तुले गोष्टी सुचून राह्यल्या," पायल बोलली. तिनं तोंड फिरवलं. कसं लागलं मले, काय सांगू.

तवा बाजेवरून आवाज आला. "खरं बोलते ते."

सारे बाजेकडं वळले.

"सीट परत शिवली होती. डोळे होते तवाच पाह्यलं होतं म्या. गोधडीचा टाका, तिरपा. खार टाके घालते काय बे, धम्म्या?"

"अन् मंग बोलले नाई काऊन कधी?" मी इचारलं.

"पोरगं गरम झोपे," बुढा म्हणे. "अन् खारीची गोष्ट दरसाल वाढत होती. पह्यले चारच पोरं होती तिले."

मी त्याचं पांघरूण सारखं केलं. पण फारुख कामाचा माणूस, गादीचा कोपरा दाबून पाह्यला. "देशीच हाय, काकी. पण काकाजी उठल्याबिगर उसवू कशी?"

माणिकराव आढ्याकडं तोंड करून पडला राह्यला. आमी कोणी 'उठा' म्हणलं नाई. मंग त्यानं एक पाय खाली सोडला. मंग दुसरा. माह्या खांद्यावर हात ठेवला अन् उभा झाला. तसाच फारुखवर खेकसला, "पाह्यतो काय? घे ना गादी!"

दोन दिवसानं सीटी भरून झाल्या. बाजेवर नुसता सुंभ राह्यला. सुंभ पाठीले टोचे, मंग बुढा गोठ्यात जाऊन बसाले लागला. अंगणातून गोठा, गोठ्यातून अंगण, काठी टेकत. पह्यल्या दिवशी बसला, बूड हालवलं, अन् नाक मुरडलं.

"मुताचा वास येते."

"तुमच्याच पोराचा हाय."

"मंग बरोबर हाय. हेच गाडी."

आता रोज सकाळी पायलनं शिकवल्यावानी तो चाबी फिरवते, गाडी उभ्या जागी गुरगुरते. मी शेठच्या सीटीवर बसतो. पोट नाई एवढं, पण मांडीवर हात घेऊन बसतो. त्याले दिसत नाई, म्हणून रस्ता मीच सांगतो. आलं पिंपळगाव. आली नदी. वाघ मागं लागला, दाबा!

"वावरात काय हाय?" तो इचारते.

"फुटलं सारं. पांढरं फक."

"बीटी का देशी?"

"देशी," मी सांगतो. "अन् एक अळी नाई."

"थापाडी," तो म्हणते, अन् गेर टाकते.