जास्तीची फरशी

मी फरशी बोलतेय. हॉलमधली चकचकीत नव्हे. बाथरूममधली, करडी, खरबरीत. माझ्यात तोंड दिसत नाही, पण माझ्यावरून पाय घसरत नाही. दोन्ही एकत्र मिळत नाहीत, तेव्हा काय हवं ते ठरवूनच दुकानात जावं.

माझा जन्म भट्टीतला. मातीचा भुगा दाबून चपटा केला आणि अशा धगीतून काढला, की पुढे कुणाच्या बोलण्याची झळ लागू नये. तरी लागलीच, ते पुढे सांगते.

मला पसंत केलं ते सासूबाईंनी. सुनेला निळी, फुलांची आवडली होती. सासूबाईंनी चप्पल काढली, दुकानदाराकडून तांब्याभर पाणी मागितलं, एकेका नमुन्यावर ओतलं आणि सुनेच्या खांद्याला धरून अनवाणी उभ्या राहिल्या. माझ्यावर आल्या आणि म्हणाल्या, "ही." दुकानदार म्हणाला, हा लॉट शेवटचा, नीट मोजून न्या.

एवढ्या चोखंदळपणाला कारण होतं. भाड्याच्या घरात बाथरूमच्या दारात पाणी साचायचं. त्यातच पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून आंघोळीला सुनेचा हात धरून जायचं आणि तिच्यादेखत अंगावर पाणी घ्यायचं. देणारीला त्याचं काही वाटत नव्हतं. घेणारीला वाटत होतं. नव्या घरात आंघोळीला एकटीनेच जायचं, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता.

नव्या घरात माझ्या बहिणी ओळीने बसल्या आणि मी एकटी उरले. मिस्त्री माझ्यावर चहाचे कप मांडायचा. प्लंबर माझ्यावर चढून नळापर्यंत हात पोचवायचा. रंगाऱ्याने तर भिंतीच्या भेगा बुजवायची लांबी माझ्यावरच कालवली. आणि सून येताजाता म्हणायची, ती जास्तीची फरशी राडारोड्याबरोबर जाऊ द्या. जास्तीची! हा शब्द दगडालासुद्धा म्हणू नये. मी तर भाजलेली आहे.

राहायला जायच्या आठवड्यात सासूबाई काठी टेकत काम बघायला आल्या. मिस्त्री कौतुकाने एकेक दाखवत होता. त्यांनी कनवटीची गोटी काढली, नातीकडून मागून आणलेली, आणि बाथरूमच्या दाराशी सोडली. ढाळ बरोबर असेल तर गोटी सांडपाण्याच्या जाळीकडे जायला हवी. ती जरा विचारात पडली, वळली आणि दारातच बसून राहिली.

मिस्त्री म्हणाला, गोटी वाकडी असेल. रंगाऱ्याला नेमका तेव्हाच खोकला आला.

मग बादली ओतली. सगळं पाणी गेलं, फक्त दारातल्या एका फरशीवर तळं राहिलं.

"आजी, एवढं पाणी तर फडक्यानं पुसलं जातं."

"मला वाकता येत असतं तर तुम्हाला बोलावलं कशाला असतं? मीच बसवली असती."

सून मध्ये पडली. "आई, मी आहे ना पुसायला."

"तू आहेस गं. पण बाथरूममध्ये मला कुणी नकोय."

शेवटी मिस्त्रीने डोक्याचा रुमाल काढला आणि कबूल केलं. दार खाली घासत होतं. सुताराला परत कोण बोलावणार, म्हणून त्यानेच खालचा माल ओला असताना ती फरशी ठोकून खाली दाबली होती. दार फिरलं, ढाळ फिरला.

ती फरशी काढायला घेतली आणि तिचे दोन तुकडे झाले. दुकानात फोन केला. लॉट कधीच संपला होता. सुनेचा चेहरा उतरला. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "ती बाहेरची कुठे आहे?"

कप उचलले गेले. सुनेने पदर खोचला आणि घासणी घेऊन माझ्यावरची वाळलेली लांबी स्वतः खरवडली. मी मनात म्हटलं, घास बाई, राग गेला माझा.

पण चौकटीपाशी माझा एक कोपरा कापायचा होता. मी फुटले तर सगळी जमीन उखडायची, हे मिस्त्रीलाही ठाऊक होतं. कटर लागला आणि धुरळा उडाला. मी दातओठ खाऊन धरून राहिले. कोपरा तेवढा गेला, मी शाबूत. मिस्त्रीने मला ओल्या मालावर ठेवलं, थापीच्या मुठीने ठोकलं, कान लावून ऐकलं. कुठे पोकळ आवाज नाही. सुतार आला आणि दाराचा तळ रंध्याने तासून गेला. जे आधीच करायचं होतं.

तीन दिवसांनी गोटी पुन्हा सोडली. ती माझ्यावरून सरळ निघाली आणि टण्णकन जाळीवर. मग बादली. सासूबाईंनी काठी भिंतीला लावली, अनवाणी पाय माझ्यावर ठेवला. टाच दाबली. बोटं दाबली.

"कोरडी आहे," म्हणाल्या. मिस्त्रीने रुमाल पुन्हा डोक्याला बांधला.

घर बांधणाऱ्यांनो, एक फरशी शिल्लक ठेवा. आणि ठेवलीत तर तिच्यावर लांबी कालवू नका.

मी आता सुखात आहे. रोज सकाळी त्यांचा पहिला पाय माझ्यावर पडतो. आतून कडी लागते. दाराखालच्या फटीतून मला बाहेरचं दिसतं. पहिले आठ दिवस तिथे सुनेची पावलं असायची, न हलणारी, कान देऊन उभी. काल बघितलं तर पावलं नव्हती. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, आणि आत सासूबाई मोठ्याने गात होत्या, अगदी बेसूर.