दहावा आवाज

ताईच्या पहिल्या नाटकाच्या दिवशीच भाऊजींचे हात शिवशिवले, आणि तिथेच घात झाला.

ताई म्हणजे दिग्दर्शिका. आजवर विंगेत उभी राहून तिने इतरांना वाक्यं पुरवली होती. आता कुठे नाटक तिच्या हाती आलं होतं. सगळ्या नटांची ती ताई, म्हणून तिचा नवरा सगळ्यांचा भाऊजी. आजचा प्रयोग रंगला तरच पुढच्या तारखा, असं नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने बजावलं होतं. तिने नवऱ्याला सकाळीच दम दिला होता, "आज लॅपटॉपमध्ये काही सुधारायला जाऊ नकोस."

भाऊजींचा लॅपटॉप म्हातारा, वर लिनक्स प्रणाली. त्यात फाइलींची यादी दाखवणारा एक इवलासा फाइल मॅनेजर होता आणि त्याच्यावर भाऊजींचा भारी जीव. दुसरा कुठलाही लावला की लॅपटॉपला धाप लागायची. नाटकाचे दहा आवाज त्यात एक ते दहा अशा नावांनी ठेवलेले. पण हा पठ्ठ्या फक्त पहिला आकडा बघून रांग लावायचा, त्यामुळे दहा नंबर एकाच्या खालीच येऊन बसायचा. आणि दहा म्हणजे पिस्तुलाचा बार! पहिल्या आवाजानंतर बोट एकदाच खाली गेलं असतं, तर पडदा उघडताच नाटकातला मालक मेला असता. एक ते नऊच्या आधी शून्य लावलं असतं तर प्रश्न मिटला असता, पण मिटलेल्या प्रश्नात भाऊजींना रस नव्हता. दोन नंबरसाठी दोनदा खाली, दहासाठी पार वर जाऊन एकदा खाली, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. लॅपटॉपकडे न बघता ते आवाज सोडत, आणि याचा त्यांना केवढा तोरा!

त्या सकाळी फाइल मॅनेजरची नवी आवृत्ती आल्याचं दिसलं. ताई आंघोळीला गेली होती. ती बाहेर येईपर्यंत अपग्रेड होऊनही गेलं. फाइल मॅनेजर पूर्वीइतकाच हलका, वर आकडे शहाण्यासारखे ओळीने लागलेले. भाऊजी खूश झाले आणि लगेच घाबरलेही. दुपारभर त्यांनी बोटांना नवी शिकवण दिली.

प्रयोगात नऊ आवाज बिनचूक पडले. भाऊजी सैलावले. मग खुनी आला, त्याने मालकावर पिस्तूल रोखलं, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय थोडीच जाते? बोट पार वर गेलं, एकदा खाली आलं, आणि दोन नंबरची, दारावरची बेल वाजली.

मालकाचं काम करणारा नट छातीवर हात ठेवून पडायच्या बेतात होता. तो सावरला. "कोण तडमडलं आता?" म्हणत त्याने दार उघडलं.

दाराच्या पलीकडे, विंगेत, चपला घातलेली, हातात संहिता धरलेली ताई उभी. सगळ्या प्रेक्षकांना दिसली. पळायला जागा नव्हती. ती आत आली.

"मी शेजारची," ती म्हणाली. मग थेट भाऊजींच्या ध्वनिकक्षाकडे बघत, "आमच्याकडे एक माणूस झोपलाय वाटतं. त्याला कुणीतरी उठवा!"

प्रेक्षक खदखदून हसले. शेजारीण आली म्हणून खुन्याने पिस्तूल खिशात लपवलं. इकडे घामाघूम झालेल्या भाऊजींना अखेर दहा नंबर सापडला. बार झाला! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पिस्तूल आपल्याच खिशात आहे हे ध्यानात येऊन खुनी मुकाट्याने आडवा झाला. टाळ्यांच्या कडकडाटात पडदा पडला.

व्यवस्थापक धावतच आत आला. "ताई, शेवट काय काढलात! पुढच्या महिन्यापासून दर रविवारी लावतो," म्हणाला आणि गेला.

भाऊजी रंगमंचाच्या कडेला उभे होते. मान वर करायची छाती नव्हती.

"हात लावलास ना?" ताईने विचारलं.

"लावला. आता सगळे नंबर जागच्या जागी आहेत गं."

"हो. फक्त तू जागेवर नव्हतास."

त्यांना फार वाईट वाटलं. "चुकलंच माझं. पुढच्या प्रयोगाला दुसरं कुणीतरी बघ. जुनी आवृत्ती लावून देतो त्याला."

ताईने संहिता मिटली. तिचे गाल अजून लाल होते.

"इतकी वर्षं विंगेत काढली," ती म्हणाली, "पण आत यायला एवढं बरं वाटतं हे मला माहीतच नव्हतं. बेल तूच वाजवायचीस."

"आणि गोळी?"

"तुला सापडेल तेव्हा. तोवर मी बोलत राहीन."