कुंताबाईचा पाट

मिरचीच्या टेम्पोला नाही म्हणणारी बाई सिंदेवाहीकडच्या त्या गावात आजवर कोणी पाहिली नव्हती. धानाची कापणी-चुरणी आटोपली की श्रीहरी मुकादमाचा टेम्पो देवळापाशी उभा राहायचा आणि बाया भांडीकुंडी, अंथरूण, लेकरं घेऊन तेलंगणात मिरची तोडायला निघायच्या. परत यायच्या त्या होळी उलटल्यावर, हातांची आग घेऊन. मधल्या काळात लेकरांच्या शाळेचं काय, हे कोणी विचारत नसे. विचारून करायचं काय होतं?

यंदा कुंतानं विचारलं. तिची भाग्यश्री बारावीला होती आणि परीक्षा ऐन मिरचीच्या दिवसांत. नवरा इस्तारी तलावात जाळं टाकायचा, पण उन्हाळ्याच्या तोंडाशी मासा आटला की तोही पोती उचलायला मागून तिकडेच जायचा. दोघं गेल्यावर तरण्या पोरीला एकटं घरी ठेवायचं कसं? म्हणजे तीही मिरचीत. थोरल्या मिथुनची दहावी अशीच मिरचीत गेली होती. तो आता बल्लारपूरला ट्रकवर माल चढवत होता आणि घरी आला की बहिणीची पुस्तकं नुसती चाळून खाली ठेवायचा. पोरगी बारावीला बसली पाहिजे, बाकी जग गेलं उडत, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

अशात दिवाळीनंतर गुणवंतराव आले. अगरबत्ती केंद्राचे सुपरवायझर. हे केंद्र गावात पूर्वीही होतं. बाया घरोघरी पाट मांडून बसायच्या, काडीवर मसाला वळायच्या, आणि हिवाळा-उन्हाळा घरातल्या घरात काम असायचं. मग व्हिएतनामहून स्वस्त माल यायला लागला आणि केंद्राला कुलूप पडलं. व्हिएतनाम कुठं आहे हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं, पण त्याच्या नावानं बायांनी इतकी बोटं मोडली होती की तिथं काहीतरी बरंवाईट व्हायलाच हवं होतं.

"सरकारनं बाहेरच्या मालावर कर वाढवला आहे," गुणवंतराव सभेत म्हणाले. "तुमचं गेलेलं काम परत येत आहे. जानेवारीत केंद्र उघडतो."

झालं. कुंता बचत गटाची अध्यक्ष. तिनं घरी येऊन माळ्यावरचा पाट खाली काढला. सागाचा, वळून वळून मधोमध गुळगुळीत झालेला. दसऱ्याला ती त्याला हळदकुंकू लावायची. लहानपणी भाग्यश्री एकदा त्याच्यावर पाय देऊन उभी राहिली, तर कुंतानं तिच्या पाठीत असा धपाटा घातला होता की पोर संध्याकाळपर्यंत जेवली नाही. पोटाच्या धंद्याला पाय लावायचा नाही, एवढंच ती तेव्हा म्हणाली होती.

गावभर पाट निघाले. कोणाचा पाण्याच्या हंड्याखाली होता, कोणी कोंबड्यांच्या खुराड्याला लावला होता. सगळे तलावावर घासूनपुसून आणले. हात विसरला असेल म्हणून बायांनी तलावाची चिकण माती मळली, खराट्याच्या काड्या मोडल्या आणि दुपारभर कुंताच्या अंगणात वळत बसल्या. हात काही विसरला नव्हता. त्या दिवसांत अंगणात जे हसणं झालं, ते गावानं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

टेम्पो आला तेव्हा श्रीहरीनं तिला बाजूला घेतलं. "कुंताबाई, पक्का इचार करून सांग. एकदा गाडी भरली का मंग मले बोलायचं नाई."

"आमच्या गटातली एकबी नाई येत, श्रीहरीभाऊ. काम घरी आलं आमचं."

शेजारची सुकरीबाई मागे घुटमळत होती. विधवा बाई, मिरचीवरच तिचं वर्ष निघायचं. "तू म्हनतं तं थांबतो वो कुंता," ती म्हणाली. "पाहजो बरं."

टेम्पो पुढच्या गावच्या बायांनी भरून निघून गेला.

केंद्र उघडायच्या दिवशी सगळ्या बाया धुतलेली लुगडी नेसून, डोक्यावर पाट घेऊन रांगेनं निघाल्या. गुणवंतराव दारातच थबकले.

"हे काय आणलं?"

"पाट जी," कुंता म्हणाली. "बत्त्या वळाले."

आत फरशीवर एक हिरवी मशीन उभी होती. काडी घातली की मसाला लागून बत्ती दुसऱ्या अंगानं बाहेर. कुंता एक बत्ती वळेपर्यंत तिनं मूठभर फेकल्या. बायांनी पाट डोक्यावरून उतरवले, पण खाली कुठं ठेवायचे ते कोणाला सुचेना.

"अहो बाई," गुणवंतराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्यालाही अवघड झालं होतं. "हातानं वळलेली बत्ती बाहेरच्या भावात कधीच बसणार नाही, कर लावा नाहीतर काही करा. मशीन आली म्हणूनच काम परत आलं. बत्त्या वाळवायला आणि पुड्या भरायला तुम्हा सगळ्यांना पाळीपाळीनं घेतो. मशीनवर मात्र एक पोरगी द्या. दहावी झालेली, तेज नजरेची. सिंदेवाहीची एक ठरवली होती, पण वाटेतल्या कालव्यापाशी वाघ दिसला आणि तिच्या बापानं तिला घरी बसवलं. गावातलीच पाहिजे."

गावात दहावी झालेल्या पोरी लग्न होऊन गेल्या होत्या. राहिली होती एकच. बायांनी कुंताकडे पाहिलं, आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"मी करतो जी," कुंता म्हणाली.

त्यांनी तिला उभं केलं. तिच्या हातानं काडी धरली ती जुन्याच सवयीनं, तळव्याखाली फिरवायला. मशीन तेवढी थांबते कुठली. काड्या आडव्या गेल्या, मसाल्याचा गोळा झाला, मशीन कण्हून बंद पडली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ज्या हाताचा तिला जन्मभर अभिमान, तोच आज आडवा येत होता. तिला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जास्त भीती.

"परीक्षा झाल्यावर देतो जी पोरीले. मार्चात."

"मालाची मागणी आत्ताची आहे, बाई. मशीन बंद राहिली तर मालक दुसऱ्या गावात नेईल."

तिनं तिथूनच श्रीहरीला फोन लावला. तो रागावला नाही, त्याचंच तिला जास्त लागलं. मिरचीवाल्यांकडे आता जागा नाही, एवढं सांगून त्यानं ठेवून दिला.

सुकरीबाई पाट काखेत घेऊन उभी होती. "मी काई म्हनत नाई, कुंता," ती हळूच म्हणाली. "पन तुह्या एका शब्दावर मी टेम्पो सोडला."

इस्तारी मासे धरायला बांबूचा सापळा विणायचा. तोंड रुंद, आत जावं तसं निमुळतं, आणि बाहेर येऊ लागलं की कामट्यांची टोकं अंगाला रुततात. घरी परतताना कुंताला तो आठवला. पोर दिली तर बारावी गेली. नाही दिली तर अख्ख्या गटाच्या चुली तिच्या नावानं विझणार. आणि या तोंडातून ती स्वतःच्या पायानं, हसत आत शिरली होती.

भाग्यश्री ओसरीवर वाचत होती. गाव लहान, बातमी तिच्याआधी घरी पोचली होती.

"आई, मी जातो मशीनवर."

"तुले कोनं इचारलं?" कुंता खेकसली. "पुस्तक उघड."

"सुकरीआजी का खाईल मंग?"

इस्तारी जाळं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "परीक्षा का, पुढच्या वर्सीबी येते."

"मिथुनची आली का?" कुंतानं विचारलं.

पोरीनं पुस्तक मिटलं नाही, पण पानही उलटलं नाही.

सकाळी कुंतानंच पोरीला उठवलं आणि दोघी केंद्रावर गेल्या. भाग्यश्रीनं काड्या घातल्या, एकदोन वाकड्या गेल्या, मग मशीनचा आवाज सरळ लागला. गुणवंतराव खूश झाले. वाळवणापाशी बसलेल्या बायांनी सुस्कारा सोडला, आणि सुकरीबाईनं सरकून कुंतासाठी जागा केली.

कुंता बसली नाही. पोरगी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती. पातळ चपलांखाली जानेवारीतली फरशी, तिच्यावर दिवसभर उभं राहायचं, आणि मशीनही तिच्या उंचीला जरा वरच. बायांनी काल जाताना ठेवलेले पाट भिंतीशी तसेच टेकून होते. कुंतानं आपला उचलला, पदरानं पुसला आणि मशीनपुढं आडवा टाकला.

"उभी राय यावर. गार लागनार नाई."

भाग्यश्री दचकली. "आई, पाटावर पाय?"

"ठेव," कुंता म्हणाली.

पोरीनं आधी वाकून पाटाला हात लावला, तो कपाळाला नेला. मग चपला काढून त्याच्यावर उभी राहिली.