धरतीचा ढेकर

बाराला पाच मिनिटं कमी होती आणि बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या आवारात मुंगी शिरायला जागा नव्हती. जो तो हातात कचऱ्याची पिशवी घेऊन उभा होता. एकाच्या पिशवीतून कालचं उष्टं पायावर ठिबकत होतं, दुसरीच्या पिशवीला बाळाच्या डायपरचा फुगवटा आला होता, आणि कुणीही नाकाला रुमाल लावत नव्हतं, कारण महाराजांना ते आवडत नसे.

मधोमध खोलीएवढा खड्डा होता. भक्त महाराजांना धरणीनाथ म्हणत. घंटागाडीवरच्या ज्या सोळा बायकांची नोकरी त्यांनी घालवली, त्या पचनमहाराज म्हणत. त्यातलीच एक मावशी आज भिंतीला टेकून उभी होती. बारा वर्षं तिनं या गावाचा कचरा दारोदारी जाऊन उचलला होता. आता फुकट बसली होती आणि फुकट तमाशा बघत होती.

"ओला वेगळा, सुका वेगळा, ही माणसाची मती," महाराज डोळे मिटून म्हणाले. "पोटात गेलं की सगळं एक, ही धरतीची गती. सांगा, तुम्ही घट्ट एका पोटात आणि पातळ दुसऱ्या पोटात जेवता का?"

लोक खूश होऊन हसले. खूश न व्हायला काय झालं? पालिकेनं दोन डबे ठेवायला लावले तेव्हापासून अर्धं गाव कातावलं होतं. इथं एक माणूस सांगत होता की वेगळं काढू नका, विचार करू नका, फक्त टाका. असा देव कोणाला नको असतो?

पिशव्या खड्ड्यात पडल्या. लोखंडी झाकण साखळीनं खाली आलं. घंटा वाजली. जमिनीखाली गुरगुर सुरू झाली, वाढली, आणि शेवटी खोलवरून एक लांबलचक ढेकर आला. लोकांनी हात जोडले. झाकण उचललं तर खड्डा रिकामा, ओला, चकचकीत. तळाची ओल चेल्यांनी फडक्यानं टिपून बाटल्यांत पिळली. त्या बाटल्यांवर 'धरतीची लाळ' अशी चिठ्ठी असे. ती आजारावर चाले. कोणत्या? तुम्हाला जो असेल त्या.

पालिकेच्या अध्यक्षांनी पहिल्याच महिन्यात ठराव करून घंटागाड्या बंद केल्या होत्या. धरती फुकट गिळते तर गाड्या कशाला, असं ते म्हणाले आणि सभागृहानं बाकं वाजवली. खालच्या वस्तीचा एकही माणूस त्या सभागृहात नव्हता.

मावशी राहायची खालच्या वस्तीत, ओढ्याकाठी. तिची सून सात महिन्यांची गरोदर होती आणि तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. त्या सकाळी दवाखान्याच्या सिस्टरनं घरी येऊन तिला तपासलं तेव्हा चेहरा कोरा ठेवला, पण बाहेर येऊन मावशीला बाजूला घेतलं. वस्तीतला या महिन्यातला हा अकरावा कावीळ झालेला माणूस, ती म्हणाली. पाण्यातून येते ही. पोटुशीला फार वाईट. पाणी कुठलं पिता?

"विहिरीचं. ओढ्याशेजारची. सगळी वस्ती तेच पिते."

उकळून प्या, सिस्टर म्हणाली. पालिकेला तिनं दोन पत्रं लिहिली होती. विचारायला गेली तेव्हा अध्यक्षांनी तोंडीच उत्तर दिलं: त्या लोकांच्या सवयीच घाणेरड्या, महाराजांकडे पाठवा.

मावशी त्या दुपारी आवारातून घरी परतली तेव्हा मुलगा बायकोच्या उशाशी बसला होता आणि हातात बाटली होती. अर्धी संपलेली. "तीन दिवस देतोय, आई. जेवणाआधी एक झाकण. अध्यक्ष पण घेतात."

मावशीनं झाकण काढून वास घेतला आणि बाटली झटकन लांब धरली. गाडी रिकामी केल्यावर तळाशी जे काळं पाणी साचतं, त्याचा वास होता तो. बारा वर्षं ती गाडी रोज धुवायची आणि मग साबणानं कोपरापर्यंत हात. ते पाणी तिच्या सुनेनं झाकण झाकण प्यायलं होतं, हात जोडून.

तिनं बाटली मोरीत ओतली. मुलगा चिडला, तुझी नोकरी गेली म्हणून तुला महाराजांचा राग, असं म्हणाला.  मावशीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. कचरा खरंच पचला असता तर त्याचा वास मागे राहिला नसता. वास राहिलाय, म्हणजे कचरा फक्त पुढे गेलाय. पुढे म्हणजे कुठे?

हे कोडं वरच्या गावात कुणाला सुटलं नसतं, कारण वरच्या गावानं ओढा कधी बघितलाच नव्हता. मावशी ओढ्यातच वाढली होती. कारखाना चालू होता तेव्हा ओढा एक दिवस लाल वाहायचा, एक दिवस निळा. उद्या कोणता रंग येणार यावर पोरं पैजा लावायची.

दुसऱ्या दिवशी ती सिस्टरला घेऊन विहिरीच्या वरच्या अंगाला, काटेरी झुडपांत शिरली. तिथं कारखान्याच्या गटाराचं तोंड होतं, माणूस वाकून आत चालेल एवढं. आणि झुडपांना, दगडांना, मुळांना अडकून पिशव्या. शेकडो. काही फुटलेल्या, काही अजून घट्ट बांधलेल्या. सिस्टरनं तोंड फिरवलं. मावशी मात्र खाली वाकून एकेक पिशवी उचलून बघत होती, जशी ओळखीची माणसं भेटावीत.

"ही शिंप्याची. दुहेरी गाठ मारून टोक आत खोचतो. ही औषधवाल्याच्या बायकोची, ती दोऱ्यानं बांधते. ही निवृत्त मास्तरांची, बुटाच्या नाडीसारखी. बारा वर्षं याच गाठी सोडल्यात मी, सिस्टर. माणूस खोटं बोलेल, त्याची गाठ नाही बोलत."

तेवढ्यात वर घंटा वाजली. गटाराच्या पोटात गुरगुर झाली आणि त्या तोंडातून काळ्या पाण्याचा लोंढा ओकारीसारखा बाहेर पडला, त्यात उष्टं, चिंध्या, डायपर, मेलेला उंदीर. शेवटी हवा बाहेर पडली तेव्हा तो प्रसिद्ध ढेकर त्यांनी खालच्या बाजूनं ऐकला. पन्नास पावलांवर वस्तीतल्या बायका विहिरीवर घागरी भरत होत्या.

त्या दुपारी सिस्टरनं सुनेला मोठ्या इस्पितळात हलवलं. मावशी तिच्यासोबत गेली नाही, मुलगा गेला. मावशीला काम होतं.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला आवारात घंटागाडी शिरली. पालिकेच्या अंगणात गंजत पडलेली ती गाडी मावशीनं ढकलत आणली होती आणि सवयीनं घंटा वाजवत होती. लोक सवयीनंच बाजूला झाले.

"शिंपीदादा, ही घ्या." तिनं पिशवी त्याच्या पायाशी ठेवली. "तुमची गाठ."

शिंपी कानावर हात ठेवू लागला, पण पिशवी सोडली तर आत त्याचीच कातरणं निघाली, परवाच शिवलेल्या झग्याची. मग औषधवाल्याची, मग मास्तरांची. लोक आपापल्या घाणीपासून दोन पावलं मागे सरकत होते. शेवटी तिनं चिकटपट्टीनं बंद केलेली जाड पिवळी पिशवी अध्यक्षांपुढे धरली. आत ओली झालेली दोन पाकिटं होती, दवाखान्याच्या शिक्क्याची, सिस्टरच्या पत्रांची. एकही फोडलेलं नव्हतं.

महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी हात वर केला. "ज्याच्या मनात पाप, त्याचा घास धरती परत पाठवते." आणि खरं सांगायचं तर गर्दी क्षणभर डळमळली. शिंप्याकडे लोक संशयानं बघू लागले.

तेव्हा खड्ड्यामागचा भगवा पडदा सरकला. पडद्यामागे कारखान्याची जुनी पाण्याची टाकी होती, टाकीखाली लोखंडी चाक, आणि चाकावर सिस्टर बसली होती. लोक पिशव्यांकडे बघत असताना ती मावशीनं सांगितलेल्या वाटेनं मागून आत शिरली होती. शेजारी एक चेला घाम पुसत उभा होता.

"चालू द्या," सिस्टर म्हणाली. "मी फक्त या चाकाला आज हात लावू देणार नाही. धरतीला चाक कशाला लागतं?"

महाराजांनी आजच्या पिशव्या खड्ड्यात टाकायला लावल्या, झाकण लावून मंत्र म्हटले, ते लांबवले, परत म्हटले. जमीन गप्प राहिली. झाकण उचललं तेव्हा कचरा जिथल्या तिथं होता आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. मग सिस्टरनं झाकण उघडं ठेवून चाक फिरवलं. तळाचा दरवाजा सरकला, टाकीचं पाणी कोसळलं, सगळं गोल फिरून खाली गेलं आणि ढेकर आला.

"ही संडासाची साखळी आहे," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही रोज वर साखळी ओढलीत आणि हात जोडलेत. खाली आम्ही ते प्यायलो."

 मग मागून एक माणूस हळूच म्हणाला, "पण खड्डा रिकामा होतो, हे तर खरं ना?" आणि शेजारच्या दोघांनी मान हलवली. महाराजांपेक्षा मावशीला त्या दोन मानांची जास्त शिसारी आली.

महाराज मागच्या फाटकानं गेले ते गेलेच. अध्यक्षांनी हात झटकले, आपणही फसलो म्हणाले. गटाराचं तोंड बुजवलं गेलं. पण सोळा बायकांनी गाड्या लगेच हातात घेतल्या नाहीत. कचरा कुठे टाकतात ते दर महिन्याला खालच्या वस्तीनं जाऊन बघायचं आणि विहिरीचं पाणी तपासून निकाल चौकात लावायचा, हे चार महिन्यांनी लेखी झालं, तेव्हाच घंटा वाजली.

सून वाचली. मुलगी आठव्या महिन्यात झाली, ती मेलेलीच. मुलानं त्या दिवसापासून बाटलीचा विषय काढला नाही आणि मावशीनंही काढला नाही.

गाडी सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात एका दारात एका वहिनींनी एकच पिशवी पुढे केली, ओलं-सुकं सगळं कोंबलेली. घाईत आहे हो, आजच्या दिवस घ्या, म्हणाल्या.

मावशीनं पिशवी परत उंबऱ्यावर ठेवली. "वहिनी, गडप काही होत नसतं. डोळ्याआड झालं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जातं. कोणी म्हणालं जातंच नाही, तर विचारायचं, मग जातं कुठे? एवढं एकानं जरी पहिल्या दिवशी विचारलं असतं, तरी माझी नात आज दोन महिन्यांची असती."

 वहिनी उंबऱ्यावर बसल्या आणि पिशवीची गाठ सोडू लागल्या.